निशिगंधाचे कंद घ्यायचे तर ही नर्सरी बघाच

लातुरातल्या आमच्या घराजवळच्या नर्सरीतून निशिगंधाचे कंद आणले, माल एक नंबर आहे, एकेक कंद टणक, सुपारीपेक्षा मोठा, दाबून बघितला तरी कुठंच मऊ लागत नाही. सिंगल म्हणजे एकेरी पाकळ्यांची जातच मागा, दुहेरी पाकळ्यांची डबल दिसायला भारी पण वास सिंगलचाच. आपली काळी माती पाणी धरून ठेवते अन् कंद सडतो म्हणून तिथल्या मावशींनी स्वतःहून सांगितलं की वाळू अन् शेणखत मिसळा, टोक वर ठेवून दोन इंच खोल लावा, कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानंच द्या. एप्रिलात लावले, पावसाळ्यात दांडे आले, संध्याकाळी अंगण नुसतं घमघमतंय! रेट जरा जास्त आहे, पण एकदा लावले की दोन-तीन वर्षं फुलं देतात अन् कंदाला पिल्लं म्हणजे नवे छोटे कंद सुटतात ते वेगळेच.