घरी शिसं तपासणारे गुलाबी स्वॅब: विकत घ्यावेत का?

कांडीचा ओला बोळा खिडकीच्या गजावर अर्धा मिनिट चोळायचा. गुलाबी किंवा लाल झाला तर शिसं आहे, पिवळाच राहिला तर नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या या स्वॅबचा दावा एवढाच. त्यातला होकार बऱ्यापैकी भरवशाचा आहे. नकारावर मात्र घरात रांगतं मूल असेल तर अजिबात विसंबू नये.

कारण आकड्यांत आहे. अमेरिकेत ईपीए ही सरकारी यंत्रणा अशा किटना मान्यता देते ती जुना शिसेयुक्त रंग ओळखण्यासाठी, आणि तिथे तो ठरतो वजनाच्या ०.५ टक्क्यावर, म्हणजे ५००० पीपीएमवर (दहा लाख भागांत ५०००). भारतात घरगुती रंगांसाठी १ नोव्हेंबर २०१७ पासून मर्यादा आहे ९० पीपीएम. पंचावन्न पटींचा फरक! २००० पीपीएम शिसं असलेल्या दारावर स्वॅब पिवळाच राहिला, तर किट बिघडलेलं नाही; त्याला तो प्रश्न विचारलेलाच नव्हता. खोट्या होकारांचं प्रमाण पुरेसं कमी असावं, ही ईपीएची आणखी एक अट तर आजवर एकाही किटने पूर्ण केलेली नाही. या प्रकारातलं सर्वांत परिचित किट, थ्रीएमचं लेडचेक, २०२३ मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं.

तरी घेतलंच, तर नीट वापरा. कांडीतल्या दोन्ही कुप्या दाबून फोडायच्या, हलवायचं, बोळ्यावर पिवळा द्रव उतरला की लगेच चोळायचं. आतलं ऱ्होडिझोनेट, म्हणजे शिशाला लागून गुलाबी होणारं रसायन, एकदा विरघळलं की लवकर निकामी होतं, त्यामुळे स्वॅब तयार करून ठेवू नये. फक्त वरच्या थरावर चोळणं ही नेहमीची चूक. जुन्या वाड्यात किंवा चाळीत वरचा रंग नवा आणि शिसं तिसऱ्या-चौथ्या थरात असतं. जागा ओली करून धारदार पात्याने तिरका छेद द्या, थेट लाकूड किंवा लोखंड दिसेपर्यंत, आणि सगळे थर उघडे पडतील तिथे चोळा. कोरड्या पॉलिशपेपरने घासू नका. ती धूळ मुलाच्या हातातून तोंडात जाते. पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून फडकं फेकून द्या. शेवटी पिवळा राहिलेला स्वॅब किटमधल्या कार्डावरच्या शिशाच्या ठिपक्यावर घासा. तिथेही लाल झाला नाही, तर ती चाचणी झालीच नाही असं समजा.

लाल रंगावर बोळ्याला रंगच लागतो आणि होकार वाटतो. म्हणून आधी साध्या पाण्याचा बोळा फिरवून बघा. प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा पुट्टीची धूळ मिसळली तर त्यातल्या सल्फेटमुळे खोटा नकार येतो. सर्वांत वाईट म्हणजे पिवळा रंग. त्यातलं लेड क्रोमेट सहज विरघळत नाही, मग स्वॅबला शिसं सापडणार कसं? नेमकं हेच लेड क्रोमेट हळद उजळ दिसावी म्हणून भेसळीत वापरलं जातं, तेव्हा हळदीवर स्वॅब चोळण्यात अर्थ नाही. गॅलेना या शिशाच्या खनिजापासूनचा सुरमा म्हणजे लेड सल्फाइड. तोही असाच निसटतो. खरा शेंदूर तर शिशाचंच ऑक्साइड आहे, त्याला चाचणी कशाला? मुलाच्या हाताला तो लागू देऊ नका, एवढं पुरे.

हेच ऱ्होडिझोनेट न्यायवैद्यक प्रयोगशाळेतही असतं. गोळीने पडलेल्या छिद्राभोवती कपड्यावर शिशाचे कण शोधताना ते फवारतात, आम्लता पीएच २.८ च्या आसपास बांधून ठेवतात, आणि गुलाबी रंग आला तरी तिथे थांबत नाहीत. त्यावर ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल फवारतात. गुलाबीचा निळा-जांभळा झाला तरच शिसं मानतात. घरच्या किटमध्ये ही दुसरी पायरी नसते. तरीही विक्रेते ‘फॉरेन्सिक दर्जाचं’ म्हणायला मोकळे.

मग पैसे कुठे घालावेत? रंगाचा खवला किंवा हळदीचा नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातूचं अगदी थोडं प्रमाणही मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या. मान्यता त्याच चाचणीसाठी आहे का, तेही विचारा. आणि शंका मुलाबद्दल असेल तर भिंतीच्या आधी रक्त. रक्तातलं शिसं जवळपास सगळं तांबड्या पेशींत असतं, म्हणून सीरम (पेशी वगळून उरलेला द्रव) चालत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत अखंड रक्त लागतं, शक्यतो सूक्ष्म धातूंसाठीच्या गडद निळ्या झाकणाच्या नळीत. बोटातून थेंब घेणार असतील तर आधी साबणाने हात धुवायलाच हवेत, नुसत्या स्पिरिटने बोटावरची धूळ जात नाही आणि आकडा फुगतो. तसा वाढीव आकडा आला, तर शिरेतल्या रक्ताने खात्री करा.

अहवाल वाचताना एकक पाहा. ४२ मायक्रोग्रॅम प्रति लिटर म्हणजे ४.२ प्रति डेसिलीटर, ४२ नव्हे. खाली छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा १० (हा आणि पुढचे आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये) असेल तर ती जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ पासून स्रोत शोधायला सांगते, अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य यंत्रणेचा संदर्भ आकडा २०२१ पासून ३.५ आहे. शिसं ओढून काढणारं औषध साधारण ४५ किंवा त्यावर दिलं जातं. त्याखाली खरा इलाज स्रोत तोडण्याचाच, सोबत आहारात लोह आणि कॅल्शियम. रक्तातलं शिसं महिन्याभरात साधारण निम्मं होतं, पण हाडांतलं वर्षानुवर्षं राहतं आणि हळूहळू रक्तात उतरतं, त्यामुळे स्रोत तुटल्यावरही आकडा हवा तितक्या झटपट खाली येत नाही.

भाड्याच्या जुन्या घरात शिरताना गज, चौकटी, पाळणा अशी पहिली चाळणी करायला चार-पाच स्वॅब ठीक आहेत. गुलाबी झालेल्या ठिकाणी मुलाचा हात पोहोचणार नाही असं करा. पिवळे राहिलेले स्वॅब हिशेबात धरू नका.