सई की मुक्ता? एका आत्याचा हिशेब

भावाला मुलगी झाली तेव्हा आमची नावांची लांबलचक यादी गळत गळत याच दोन नावांवर येऊन अडकली. कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, त्यामुळे डोकेफोडही माझ्याच वाट्याला आली. तुम्ही त्याच वळणावर असाल तर हे वाचा.

सई म्हणजे सखी. संस्कृत 'सखी'ची प्राकृतात 'सही' झाली आणि मराठीत 'सई'. जात्यावरच्या ओव्यांतून बायका एकमेकींना 'सई' म्हणत आल्या, म्हणजे नाव होण्याआधी ही हाकच होती. इतिहासात सई म्हटलं की फलटणच्या निंबाळकरांची लेक, शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाई. ५ सप्टेंबर १६५९ ला राजगडावर त्या गेल्या, तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. पुढच्या काळात सई परांजपे आणि सई ताम्हणकर यांनी हे नाव घराघरात नेलं. माझ्या शाळेत एकही सई नव्हती. आता पार्ल्याच्या बागेत घसरगुंडीपाशी हाक मारली तर दोन-तीन माना वळतात.

मुक्ताचा अर्थ दुहेरी: मोती आणि मोकळी झालेली. पहिली आठवते ती ज्ञानदेवांची धाकटी बहीण. रुसून दार लावून बसलेल्या भावाला 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' म्हणणारी, आणि चौदाशे वर्षं जगल्याची कथा असलेल्या चांगदेवांची गुरू. जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्याच नावाने. पण मला जास्त ओढ दुसऱ्या मुक्ताची. मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग समाजातली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी पोरीने धर्मालाच जाब विचारला होता! असं माणूस नावामागे उभं असेल तर मला आणखी काही नको. मुक्ता बर्वेमुळे नाव आजच्या कानांनाही जुनाट वाटत नाही.

आता मुंबईचा प्रश्न. इथे नाव घराबाहेर पडलं की अर्धा वेळ इंग्रजी अक्षरांत आणि अमराठी तोंडांत राहतं. 'सई'चं स्पेलिंग एस-ए-आय केलंत की सगळे 'साई' वाचणार, आणि साई मुलाचंही नाव असतं. आमच्या नात्यातल्या एका सईच्या ओळखपत्रावर देवनागरीत चक्क 'साई' छापून आलं. दुरुस्तीसाठी तिच्या आईने तीन सुट्ट्या घालवल्या. एस-ए-डबल-ई केलंत तर वाचणारा निदान एकदा अडखळतो, तेवढं बरं. फोनवर मात्र 'सई? सही? साई?' हे आयुष्यभर चालणार.

मुक्ता तिथे खणखणीत. गुजराती शेजारीण असो की बंगाली टीचर, सगळे नीट म्हणतात. त्रास घरातच: दोन वर्षांच्या जिभेला 'क्त' झेपत नाही, त्यामुळे काही महिने 'मुत्ता' ऐकायची आणि चुलतभावंडांचं खिदळणं सोसायची तयारी ठेवा. पुढे शाळेत कुणीतरी 'मुक्ताफळं' उधळणारच. त्या बदल्यात लाडाचं 'मुक्ताई' आयतं मिळतं. सईचं 'सयू' होतं, तेही गोडच.

लांबी हवी तर धरा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या राज्य सरकारच्या कागदांवर मुलाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. आईवडिलांची नावं लांब असतील तर दोन अक्षरी सई फॉर्मवर मावते, पण मुक्ताही काही अजस्र नाही.

मी मुक्ता म्हटलं. वहिनीचा जीव सईवर होता, म्हणून बारशाला मी मुक्ता कुजबुजले आणि घरात हाक सईची राहिली. तुमचं अजून ठरत नसेल तर बारशाच्या तारखेला घाबरून घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नावाचा रकाना वर्षाच्या आत भरला तरी विलंबशुल्क पडत नाही. सई ठरलीच, तर त्या रकान्यात इंग्रजी स्पेलिंग काय घालायचं ते मात्र घरूनच लिहून न्या.