मादुरो की फिकट रॅपरची? पहिली सिगार घेण्याआधी

मावसभाऊ पुढच्या महिन्यात दुबईहून नाशिकला येतोय. परवा फोनवर म्हणाला, "दादा, येताना सिगार घेतोय. काळी घेऊ की फिकट? आमच्यातल्या दोघांनी कधीच ओढलेली नाही." त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण माझी पहिली सिगार चुकली होती.

त्याआधी एक सांगतो. तंबाखूला आजवर हात लावला नसेल तर लावूच नका. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, पण म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. हा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडातूनच रक्तात शिरतं, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. मी वर्षाला तीन-चार ओढतो, त्यापुढे जात नाही.

आता रंगाकडे वळू, म्हणजे रॅपरकडे: सिगारवर सगळ्यात बाहेरून गुंडाळलेलं पान. मादुरो म्हणजे स्पॅनिशमध्ये 'पिकलेलं'. चांगल्या सिगारचं हे काळपट पान रंगवून काळं केलेलं नसतं. पानांचे मोठे ढीग रचतात, स्वतःच्याच वजनाने आणि ओलाव्याने ते आतून तापतात, आणि ठरावीक उष्णता झाली की ढीग मोडून पुन्हा रचतात. चाळीत कांद्याचा थर जास्त उंच झाला की मधला माल कसा गरम लागतो, हे आपल्याकडे लासलगाव-निफाडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कांद्यात ती उष्णता नुकसान करते, तंबाखूत तीच मुद्दाम, जपून वापरतात. मादुरोसाठी हे काम जास्त दिवस आणि जास्त उष्णतेवर चालतं, म्हणून जाड पान लागतं: अमेरिकेचं कनेटिकट ब्रॉडलीफ किंवा मेक्सिकोचं सान आंद्रेस. फिकट रॅपरचं पान याच्या अगदी उलट. त्यातलं कनेटिकट शेड हे पान कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. आपले बागायतदार निर्यातीच्या द्राक्षांचे घड उन्हापासून वाचवायला कागदात गुंडाळतात, तशीच ही काळजी. पान पातळ, रेशमी आणि फिकट निघतं.

दुकानात सगळ्यात जास्त गल्लत होते ती इथे: काळी म्हणजे कडक, हे खरं नाही. कडकपणा मुख्यतः आतल्या भरणातून येतो. झाडाच्या शेंड्याकडच्या, ऊन खाल्लेल्या पानांना लिहेरो म्हणतात, ती जितकी जास्त तितका दणका मोठा. पाद्रोन या ब्रँडच्या १९६४ अ‍ॅनिव्हर्सरी मालिकेत नॅचरल (कमी गडद) आणि मादुरो असे दोन्ही रॅपर मिळतात, आणि त्यातली नॅचरलसुद्धा नवख्याला झेपणारी नाही. म्हणून विक्रेत्याला रंग विचारू नका, 'फुल बॉडी', म्हणजे भारी आणि कडक, आहे का ते विचारा. काळी आणि फुल बॉडी एकत्र आली की मग मात्र जपून.

चवीत मी मादुरोच्या बाजूचा आहे, ते लपवत नाही. हातात घेतली की पान किंचित तेलकट लागतं, शिरा बोटाला कळतात. टोक कापून न पेटवताच एकदा ओढून बघा, काळ्या मनुकांसारखा गोडसर वास येतो. पेटल्यावर पहिली पाच मिनिटं मिरी, मग हळूहळू कडू चॉकलेट, भाजलेली कॉफी, आणि ओठांवर काकवीसारखा गोडवा राहतो. थोडासा धूर नाकावाटे सोडला तर मिरी पुन्हा झणकन जागी होते. मधला एक तृतीयांश हिस्सा सगळ्यात सुंदर, तिथे घाई करू नका. फिकट सिगारमध्ये साय, भाजलेले शेंगदाणे, वाळलेलं गवत अशा हलक्या चवी असतात. मकानुडो कॅफे नावाची सिगार हे त्याचं सोपं उदाहरण. ती चहासोबत चालते. मादुरोला मात्र कोरी कॉफी किंवा गुळाचा खडा हवा.

माझ्या पहिल्या सिगारची चूक निवडीइतकीच पोटाचीही होती. आठ वर्षांपूर्वी गंगापूर रोडच्या एका मित्राच्या गच्चीवर, दुपारी नुसत्या मिसळीवर राहिलेलो, रात्री नऊला फुल बॉडी मादुरो पेटवली आणि सिगारेटसारखे झुरके मारले. अर्ध्यावर कपाळाला गार घाम, हात थरथरायला लागले, उलटी झाली. मित्राच्या आईने साखरपाणी दिलं आणि आडवं व्हायला लावलं. तासाभराने बरं वाटलं, पण त्या माउलीचा घाबरलेला चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून पोटभर जेवल्याशिवाय काळी सिगार नाही, आणि मिनिटाला एकापेक्षा जास्त झुरका नाही.

नाशिकच्या हवेचाही विचार करा. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फिकट सिगारचं पातळ पान चटकन तडकतं. पावसाळ्यात मादुरोचं जाड पान ओलावा धरतं आणि एका बाजूने जळत राहतं, पुन्हा पुन्हा लायटर लावावा लागतो. मादुरोची खरी वेळ डिसेंबर-जानेवारीची रात्र, स्वेटर घालून बसायची. जागा म्हणाल तर आपली गच्ची बरी: हॉटेल-कॅफेसारख्या सार्वजनिक जागी २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, आणि घरात पोरंबाळं असतील तर आत पेटवायचीच नाही.

भावाला शेवटी असं सांगितलं: त्या दोघांसाठी फिकट आणि सौम्य, चार इंचांच्या आसपासची. तुला आणि मला मादुरो, पाच इंच लांब, ५० रिंगची रोबुस्तो, म्हणजे जाडी साधारण २ सेंटिमीटर, जेमतेम तासभर चालेल. त्यांना आपल्या मादुरोचा एक झुरका चाखू दे, आवडला तर पुढच्या हिवाळ्यात पूर्ण घेतील. अर्ध्यावर मळमळलं तर ठेवून द्या, पैसे गेले म्हणून संपवायची नाही. आणि विझवताना चिरडू नका, उग्र वास सुटतो. राखदाणीत नुसती आडवी ठेवली की काही मिनिटांत आपोआप विझते.