कंपनीच्या स्टिरिओला बाहेरचा ॲम्प्लिफायर: कन्व्हर्टर, थेट जोडणी की प्रोसेसर?

ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहून नवी मुंबईतल्या बेलापूरला नोकरी करणाऱ्या माणसाचे दिवसाचे दोन-तीन तास गाडीत जातात, आणि त्या वेळात चांगले गाणे चांगल्या आवाजात ऐकावेसे वाटणे ही चैन आहे असे मला वाटत नाही. पूर्वी त्यासाठी कंपनीचा स्टिरिओ काढून त्याच खाचेत बाजारातले हेड युनिट, म्हणजे दुसरा स्टिरिओ, बसवले जाई. आताच्या बहुतेक गाड्यांत ते जवळपास अशक्य झाले आहे, कारण मागचा कॅमेरा, पार्किंग सेन्सरची सूचना, एसीची नियंत्रणे आणि गाडीच्या सेटिंग्ज हे सारे त्याच पडद्यात गुंफलेले असते. त्यामुळे पडदा तसाच ठेवून त्याच्यामागे बाहेरचा ॲम्प्लिफायर, आणि गरज असल्यास प्रोसेसर, म्हणजे सिग्नल दुरुस्त करणारे उपकरण, कोणत्या मार्गाने जोडावा हा खरा प्रश्न उरतो. हे मार्ग मुख्यतः चार आहेत: स्पीकरच्या तारांचा सिग्नल ॲम्प्लिफायरजोगा करणारा कन्व्हर्टर, ॲम्प्लिफायरला थेट जोडणी, प्रोसेसर, आणि कंपनीचा डिजिटल सिग्नल उचलणे. दुकानात चर्चा ॲम्प्लिफायरच्या वॉटवरून सुरू होते, पण निवड अवलंबून असते ती कंपनीचे युनिट तारांतून नेमका कोणता सिग्नल बाहेर सोडते यावर.

कंपनीच्या तारांत काय असते

सर्वसाधारण हेड युनिटमध्ये चार चॅनेलची एकच छोटी ॲम्प्लिफायर चिप असते. तिला मिळणारा दाब गाडीच्या बॅटरीचा, म्हणजे इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट. एवढ्या दाबातून ४ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक चॅनेलमागे सुमारे २० वॉटच सतत देता येतात, त्यामुळे माहितीपत्रकातला ‘५० गुणिले ४’ हा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा समजावा. २० वॉटला स्पीकरच्या तारेवर जवळजवळ ९ व्होल्ट येतात. ॲम्प्लिफायरच्या नेहमीच्या आरसीए इनपुटला, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या गोल खाचेला, मात्र २ ते ४ व्होल्ट पुरतात. म्हणजे सिग्नलचा जोर मुबलक असतो आणि अडचण त्याच्या आकारात, म्हणजे कोणते स्वर किती जोरात आहेत यात, असते.

दारातले स्पीकर छोटे आणि स्वस्त असल्यामुळे ते फाटू नयेत म्हणून अनेक कंपन्या आवाज वाढवत नेला की बास आपोआप कमी करतात. हळू आवाजात तबल्याचा डग्गा भरदार ऐकू येतो आणि आवाज चढवला की तो मागे सरतो, याचे कारण बहुतेकदा हेच असते. सिग्नलमध्ये आधीच केलेली ही कपात ॲम्प्लिफायर कितीही मोठा घेतला तरी भरून निघत नाही, उलट तीच मोठी होऊन ऐकू येते.

दुसरी गोष्ट विजेच्या रचनेची आहे. या चिपच्या स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही तारा ‘जिवंत’ असतात आणि दोन्हींवर बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास दाब असतो, त्यामुळे त्यांपैकी कोणतीही तार बॉडीला टेकवायची नसते. माझ्या पहिल्या गाडीत एका दुकानात हीच चूक झाली. डाव्या-उजव्या स्पीकरच्या ‘वजा’ तारा एकत्र करून कन्व्हर्टरच्या अर्थिंगला जोडल्या गेल्या आणि आठवड्याभरात पुढचा डावा चॅनेल कायमचा बंद पडला. तारा कापलेल्या असल्यामुळे वॉरंटीचा प्रश्नच उरला नाही आणि नवीन युनिटचा खर्च मला करावा लागला.

कन्व्हर्टर आणि थेट जोडणी

बाजारात ज्याला हाय-लो कन्व्हर्टर म्हणतात तो सर्वांत स्वस्त मार्ग. त्यातला साधा, विजेची जोडणी नसलेला प्रकार काहीशे रुपयांत मिळतो. आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ते सिग्नलचा दाब उतरवतात आणि विजेचे दोन भाग एकमेकांपासून वेगळे ठेवतात, हा त्यांचा गुण आहे. पण एवढ्याशा गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर खोल बासला लवकर तृप्त होतो, म्हणजे खोल बास वाजवणाऱ्या ज्या सबवूफर स्पीकरसाठी तो घेतला त्याच्याच वाट्याचे स्वर तो गिळतो. विजेवर चालणारा सक्रिय कन्व्हर्टर ही कमतरता ठेवत नाही. ऑडिओकंट्रोलच्या एलसी२आयसारख्या उपकरणात तर कंपनीने कापलेला बास काही प्रमाणात परत उभा करण्याची सोय असते. पुढचे-मागचे स्पीकर आहेत तसे ठेवून फक्त डिकीत एक सबवूफर घालायचा असेल, तर सक्रिय कन्व्हर्टर हा माझ्या मते पुरेसा आणि समंजस उपाय आहे. साधा प्रकार मी कोणालाही सुचवणार नाही.

आता मिळणाऱ्या बऱ्याच ॲम्प्लिफायरना स्पीकरच्या तारांचा सिग्नल थेट घेता येतो, त्यामुळे कन्व्हर्टरची गरजच संपते. शिवाय मघाशी सांगितलेला तारांवरचा दाब ओळखून ते स्वतः चालू-बंद होतात, म्हणून कंपनीच्या वायरिंगमध्ये ॲम्प्लिफायरला चालू होण्याची सूचना देणारी रिमोटची तार शोधावी लागत नाही. मधले एक उपकरण आणि चार जोड कमी झाले की बिघाडाच्या जागाही कमी होतात. मात्र काही हेड युनिट स्पीकर जोडलेला आहे की नाही हे सतत तपासतात. ॲम्प्लिफायरचे इनपुट फारच थोडा प्रवाह ओढत असल्यामुळे युनिटला तिथे स्पीकर नाही असे वाटते आणि ते चॅनेल बंद करते. अशा वेळी तारांवर योग्य किमतीचा रेझिस्टर आडवा जोडावा लागतो, आणि तुमच्या मॉडेलला तो लागतो की नाही हे बसवणाऱ्याला कामाआधी ठाऊक असले पाहिजे.

या दोन्ही मार्गांची मर्यादा एकच आहे: थोडाफार बास परत आला तरी कंपनीने सिग्नलचा जो आकार ठरवला तोच, फक्त मोठा होऊन, तुमच्यापर्यंत येतो.

प्रोसेसर नेमके काय देतो

डिजिटल सिग्नल प्रोसेसर, म्हणजे डीएसपी, कंपनीची इक्वलायझर वक्ररेषा, म्हणजे तिने कमी-जास्त केलेले स्वर, मोजून ती सपाट करतो, ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) आणि मिडबास (खालच्या-मधल्या स्वरांचा स्पीकर) यांना हवे तेवढेच स्वर पाठवतो आणि प्रत्येक स्पीकरचा आवाज कानापर्यंत पोहोचण्याची वेळ जुळवतो. यातला तिसरा गुण ऐकल्याखेरीज पटत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. समजा उजव्या दारातला स्पीकर त्याच्या कानापासून ९० सेंटिमीटरवर आणि डावा १४० सेंटिमीटरवर आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे उजवा आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि सारे गाणे उजव्या दाराला चिकटल्यासारखे वाटते. उजव्या चॅनेलला तेवढाच विलंब दिला की गायक डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन उभा राहतो. माझ्या दृष्टीने एवढ्या एका बदलासाठीसुद्धा प्रोसेसरचा खर्च सार्थ आहे, आणि दुप्पट वॉटचा ॲम्प्लिफायर हे कधीही देऊ शकणार नाही.

प्रोसेसर स्वतंत्र घ्यावा की ॲम्प्लिफायरसह एकाच डब्यातला? हेलिक्स, ऑडिसन, जेएल ऑडिओ, मिनीडीएसपी यांचे स्वतंत्र प्रोसेसर अधिक चॅनेल आणि पुढे वाढवण्याची मोकळीक देतात, पण त्यांना वेगळे ॲम्प्लिफायर, अधिक तारा आणि अधिक जागा लागते. मॅचसारख्या ब्रँडचे एकत्रित डबे सीटखाली मावतात आणि गाडीच्या मूळ कपलरमध्ये बसणाऱ्या तयार हार्नेससह, म्हणजे तारांच्या जुडग्यासह, जोडता येतात. एकही तार कापावी लागत नाही, आणि गाडी विकताना किंवा सर्व्हिस सेंटरला नेताना अर्ध्या तासात सारे पूर्ववत करता येते. ज्याला पुढे भव्य यंत्रणा उभारायची नाही अशा बहुसंख्य लोकांसाठी मी हा एकत्रित डबाच निवडेन.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. प्रोसेसर सिग्नल सपाट करतो तो मोजणीच्या वेळी असलेल्या आवाजाच्या पातळीवर. कंपनीचे युनिट आवाजाबरोबर वक्ररेषा बदलत असेल, तर एका पातळीवरची दुरुस्ती दुसरीकडे चुकीची ठरते. त्यावर उपाय म्हणजे युनिटचा आवाज एका ठरावीक, न फाटणाऱ्या पातळीवर स्थिर ठेवून रोजचा आवाज प्रोसेसरच्या वेगळ्या बटणाने कमी-जास्त करणे. पण मग स्टिअरिंगवरची बटणे निरुपयोगी होतात आणि फोनचा व नकाशाचा आवाज कधी फार मोठा, कधी फार लहान येतो. घरातली इतर माणसे ती गाडी चालवत असतील तर हा उपाय त्यांना विचारूनच करावा.

कंपनीचाच नामांकित संच असेल तर

ह्युंदाई क्रेटाच्या वरच्या प्रकारांत ८ स्पीकरचा बोस संच येतो, महिंद्रा एक्सयूव्ही७०० च्या वरच्या प्रकारांत १२ स्पीकरचा सोनी संच आलेला आहे. अशा संचांत वेगळा कंपनी ॲम्प्लिफायर असू शकतो आणि ट्वीटर, मिड, वूफर यांच्या तारा आधीच विभागलेल्या असू शकतात. दाराच्या तारेवर फक्त खालचे स्वर असतील तर तिथून घेतलेला सिग्नल अपुराच राहणार. मग अनेक चॅनेल एकत्र जोडून पूर्ण सिग्नल बनवणारा प्रोसेसर लागतो. ही बेरीजही नेहमी निर्मळ होत नाही, कारण कंपनीने त्या चॅनेलना वेगवेगळा विलंब दिलेला असेल तर बेरजेत काही स्वर एकमेकांना खोडून टाकतात.

चौथा मार्ग इथे उपयोगी पडतो: कंपनीच्या ॲम्प्लिफायरच्या आधीच डिजिटल सिग्नल उचलणे. अनेक जर्मन गाड्यांत हा सिग्नल मोस्ट नावाच्या प्रकाशतंतूच्या कड्यातून, तर अलीकडच्या काही गाड्यांत ए२बी नावाच्या दोन पिळलेल्या तारांतून जातो. त्या-त्या मॉडेलसाठी बनवलेले मॉड्यूल तिथे जोडले की शुद्ध, कापणी न झालेला सिग्नल मिळतो आणि आवाजाचे मूळ बटणही काम करत राहते. गुणवत्तेत याला तोड नाही. पण मोस्टचे कडे कुठेही तुटले तर सारा संच मुका होतो, आणि तुमच्या मॉडेलसाठी मॉड्यूल उपलब्ध नसेल तर हा मार्ग तिथेच संपतो. गाडीत इंजिनाची घरघर दाबणारी मायक्रोफोनवर चालणारी यंत्रणा असेल, तर नवा सबवूफर तिच्याशी भांडून घुमू लागतो, त्यामुळे तिचे काय करणार हे आधी विचारावे.

आपल्या रस्त्यांचा आणि हवेचा विचार

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर गाडी वेगात असते तेव्हा टायरची गडगड मुख्यतः खालच्या स्वरांना झाकते. सबवूफरची गरज तिथे जाणवते. दारांना आतून डॅम्पिंगचे पत्रे लावले तर निम्मे काम स्पीकरला हात न लावता होते, म्हणून अंदाजपत्रकात त्यासाठी आधी पैसे राखावेत.

घोडबंदर रोडवरच्या कापूरबावडी ते गायमुख या पट्ट्यातल्या कोंडीत वेगळीच अडचण येते. ज्या गाड्यांचे इंजिन रस्त्यावरच्या सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, त्यांत प्रत्येक वेळी बॅटरीचा दाब क्षणभर कोसळू शकतो. साधा प्रोसेसर अशा वेळी बंद पडून नव्याने सुरू होतो आणि गाणे दर सिग्नलला तुटते. ६ व्होल्टपर्यंत न डगमगणारे प्रोसेसर मिळतात. माहितीपत्रकात तेवढी ओळ शोधावी.

खाडीजवळच्या दमट, खारट हवेत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार जोडापाशी लवकर खराब होते. शुद्ध तांब्याचीच तार घ्यावी, आणि अर्थिंगसाठी रंग खरवडून केलेला जोड नंतर ग्रीस किंवा रंगाने झाकून घ्यावा. मोठ्या पावसात रस्त्यावर पाणी साचते आणि ते गाडीच्या तळापर्यंत येऊ शकते, म्हणून सीटखालचा डबा गालिच्यावर आडवा न टाकता छोट्या ब्रॅकेटवर उचलून बसवावा. ६० वॉटच्या चार चॅनेलचा डी-क्लास (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे २२ अँपिअर ओढतो. त्याची तार थेट बॅटरीपासून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असावा. बॅटरीच्या वजा टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांत अर्थिंग त्या टोकाला न जोडता बॉडीला जोडावा, नाहीतर गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो. विजेवरच्या गाडीत सारे काम १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच करायचे असते. उच्च दाबाच्या नारिंगी तारांजवळ कोणाचाही हात जाता कामा नये.

निवड करताना

फक्त सबवूफर हवा असेल तर सक्रिय कन्व्हर्टर किंवा थेट इनपुटचा मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, ॲम्प्लिफायर घ्यावा. कंपनीचा वेगळा ॲम्प्लिफायर नसलेल्या मारुती, टाटा किंवा ह्युंदाईच्या मधल्या प्रकारात चारही दारांचा आवाज सुधारायचा असेल, तर तयार हार्नेसचा एकत्रित डीएसपी-ॲम्प्लिफायर घ्यावा. किंमत हजारांतून दहा हजारांच्या पटीत जाते, तरी इतर दोन मार्गांत वाचवलेले पैसे पुढे पुन्हा खर्च होताना मी पाहिले आहेत. नामांकित संचाच्या गाडीत मॉड्यूल मिळत असेल तर डिजिटल मार्ग घ्यावा, आणि मिळत नसेल तर चॅनेल जोडणारा प्रोसेसर.

काम देण्यापूर्वी दुकानदाराला एकच विनंती करावी: पिंक नॉइज, म्हणजे मोजणीसाठीचा सर्व स्वरांचा सलग खळखळाट, वाजवून कंपनीच्या तारांवरचा सिग्नल आवाजाच्या तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर मोजून दाखवा. मोजणीचे साधन असलेला माणूस हे अर्ध्या तासात करतो, आणि त्या तीन रेषा पाहिल्या की कोणता मार्ग लागेल हे बहुधा तिथेच ठरते. काम झाल्यावर ट्यूनिंगची फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्यावी, कारण प्रोसेसर कधी बदलावा किंवा पुसून नव्याने भरावा लागला तर ती नसल्यास सारी मोजणी पहिल्यापासून करावी लागते.