दंड की डिपॉझिट? घाटातल्या बाटल्यांसाठी काय बरं

पावसाळ्यात ताम्हिणी, माळशेज कुठंही थांबा, धबधब्याखाली बिअरच्या फुटक्या काचा असतातच आणि खाली शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसांच्या आणि गुरांच्या पायात त्या जातात, खूप राग येतो.

आपल्याकडचा उपाय दंडाचा. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००. आकडा मोठा, पण घाटात रात्री गाडीतून पिशवी भिरकावणाऱ्याला पकडणार कोण? शिवाय काचेची बाटली त्यात येतच नाही.

दुसरा उपाय तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यातला, डिपॉझिटचा. तिथं २०२२ पासून सरकारी दारू दुकानात बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात, रिकामी आणून दिली की परत. जंगलात हत्तींच्या पायात काचा जातात म्हणून मद्रास हायकोर्टानं हे लावून धरलं होतं. यात भारी गोष्ट ही की एकानं फेकली तरी दुसरा उचलतो, कारण तिला किंमत आहे. दुकानदाराला साठवायचा त्रास होतो हे खरं, पण तो सोसण्यासारखा आहे.

माझं मत सरळ डिपॉझिटला. आपल्या २०१८ च्या नियमातही पेट (म्हणजे पाण्या-सरबताच्या प्लास्टिकच्या) बाटल्या पैसे देऊन परत घ्यायची तरतूद होतीच, ती नीट राबवा आणि काचेलाही लावा, सुरुवात घाटातल्या दुकानांपासून करा.