‘तुमचं सॉफ्टवेअर सपोर्ट करत नाही’ असं कॅप्चर कार्ड विकणारा म्हणाला, तर आधी हे वाचा

पुण्यात नाच-नाटकांचं शूटिंग करणारे, ऑनलाइन क्लास घेणारे, यूट्यूबसाठी काम करणारे जे कोणी कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं छोटं उपकरण) घ्यायच्या बेतात असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कार्डाचे ४,८०० रुपये मला भांडून परत मिळाले. ‘ड्रायव्हर’च्या, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, नावाखाली घेतलेले १,५०० अजून अडकलेले आहेत. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव देत नाही, पण फसवण्याची रीत सगळी सांगते.

मी नृत्याच्या कार्यक्रमांचं चित्रीकरण करते. कॅमेऱ्यातून एचडीएमआय केबल लॅपटॉपला जोडायची, म्हणजे कार्यक्रम संपताच फुटेज प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये घेऊन एडिटला बसता येतं. त्यासाठी कार्ड घ्यायला बुधवार पेठेत गेले. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांतून मी कित्येक वर्षं केबल आणि कनेक्टर घेते, आणि तिथली बहुतेक माणसं सरळ आहेत, हे मुद्दाम नोंदवते. हे दुकान माझ्यासाठी नवं होतं. खोक्यावर छापलं होतं: ४के, ६० फ्रेम, यूएसबी ३.०, प्रीमियर आणि दाविंची रिझॉल्व्हला (हाही एडिटिंगचाच प्रोग्राम) सपोर्ट. मी स्पष्ट विचारलं, “दादा, प्रीमियरमध्ये थेट दिसेल ना?” तो म्हणाला, “ताई, लावा आणि सुरू करा. नाही चाललं तर मी इथेच बसलोय.”

घरी प्रीमियरच्या कॅप्चर पॅनेलमध्ये काहीच दिसेना. फोन केला तर त्याचा सूर बदललेला. “तुमचं व्हर्जन जुळत नाही ताई. आमचा टेक्निशियन ऑनलाइन ड्रायव्हर टाकून देईल.” टेक्निशियनने स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावलं, भलत्याच नावाच्या यूपीआय खात्यावर पैसे घेतले आणि बराच वेळ लॅपटॉपमध्ये काहीबाही केलं. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, ‘यूएसबी व्हिडिओ’च्या जागी एक भारदस्त नाव दिसायला लागलं. प्रीमियरमध्ये तरीही काही नाही. मग म्हणाला, जुनं प्रीमियर लागेल, क्रॅक केलेलं आहे माझ्याकडे, २,००० द्या आणि अँटिव्हायरस बंद करा. तिथे मी फोन ठेवला.

कोथरूडची माझी मैत्रीण एका वाहिनीच्या तांत्रिक विभागात होती. ती आली आणि कार्ड हातात घेताच म्हणाली, “अगं, आधी प्लग बघ.” यूएसबी ३.० च्या साध्या चौकोनी प्लगमध्ये नऊ पट्ट्या असतात, पुढे चार आणि आत पाच. माझ्या कार्डाचं प्लॅस्टिक यूएसबी ३.० सारखं निळं होतं, पण पट्ट्या चारच. म्हणजे यूएसबी २.०. त्याची कागदावरची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट. १९२० × १०८० चं चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) सेकंदाला ६० फ्रेमने पाठवायचं तर सुमारे २ गिगाबिट लागतात आणि ४के ला त्याच्या चौपट, साधारण ८ गिगाबिट. ते तर खऱ्या यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटमध्येही बसत नाही. खोक्यावरचा दावा असा दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत तपासता येतो.

नंतर तिने डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडल्या आणि डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी, म्हणजे उपकरणाची ओळख सांगणारे कोड, काढला: व्हीआयडी ५३४डी, पीआयडी २१०९. ही एमएस २१०९ नावाची चिप. बाजारात हजाराच्या आत मिळणाऱ्या एचडीएमआय डोंगलमध्ये सर्रास असते. चिपमध्ये खोट नाही, तिच्या किमतीत ती चोख काम करते. ती ४के सिग्नल आत घेते, पण बाहेर देते १०८०, तेही एमजेपेग पद्धतीने दाबून. खोक्यावर छापलं होतं ते आत येणाऱ्या सिग्नलचं माप. तिची आणखी एक खूण म्हणजे आवाज विंडोजमध्ये ९६ किलोहर्ट्झ मोनो दिसतो, प्रत्यक्षात तो ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ असतो. माझ्याकडे अगदी तेच दिसत होतं. टेक्निशियनने नुसतं दिसणारं नाव बदललं होतं, आयडी जिथल्या तिथे होता.

आणि ड्रायव्हर? अशी कार्डं यूव्हीसी प्रकारची असतात, वेबकॅमसारखी. विंडोज आणि मॅक दोन्हींत त्यांचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो. त्यासाठी कोणी एक रुपयाही मागत असेल तर तो तुम्हाला फसवतोय.

आता प्रीमियरचं. त्याचं कॅप्चर पॅनेल मुळात फायरवायर या जुन्या प्रकारच्या केबलने जोडलेल्या टेप कॅमेऱ्यांसाठी आहे, किंवा ज्या व्यावसायिक कार्डांच्या कंपन्या स्वतःचं प्लगइन देतात त्यांच्यासाठी. यूव्हीसी कार्ड, मग ते कितीही महागाचं आणि अस्सल असो, तिथे दिसत नाही. दाविंची रिझॉल्व्हचं कॅप्चरही ते बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक कंपनीच्या स्वतःच्या हार्डवेअरवर चालतं. यूव्हीसी कार्डाचं रेकॉर्डिंग ओबीएस स्टुडिओ या मोफत प्रोग्रामवर करायचं आणि तयार फाइल एडिटिंगला घ्यायची, हा सरळ रस्ता. हे दुकानदाराने आधीच सांगितलं असतं तर माझी हरकत नव्हती. त्याने खोटं बोलून कार्ड विकलं, आणि ते खोटं उघडं पडल्यावर दोष माझ्या व्हर्जनवर टाकून त्याचेही पैसे उकळले. मला खरी चीड आहे ती याची.

ओबीएसवर कार्ड लावलं तेव्हा चित्र आलं. व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइसमध्ये रिझॉल्यूशन ‘कस्टम’ केलं की कार्ड काय काय देऊ शकतं त्याची यादी उघडते. माझ्या यादीत सगळ्यात वर १०८० ला ३० फ्रेम, आणि वायूवाय२ हा न दाबलेला प्रकार निवडला की जेमतेम ५. आमच्याकडचे कॅमेरे २५ किंवा ५० फ्रेमवर चालतात. ५० मधून ३० निवडायच्या म्हणजे दर पाचातल्या दोन गळणार, आणि त्याही एकसारख्या अंतराने नाहीत. कथकची चक्रं त्या रेकॉर्डिंगमध्ये अडखळत होती. वर्षभर रियाज केलेल्या मुलीला असं फुटेज मी देणार नाही.

प्रत्येक अडचण फसवणूक नसते, हेही सांगायला हवं, नाहीतर चांगल्या दुकानदारावर अन्याय होईल. सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर काळं चित्र येत असेल तर ते बहुधा एचडीसीपीचं, म्हणजे कॉपी रोखणारं, कुलूप असतं. चित्रावर बॅटरीचं चिन्ह आणि आकडे दिसत असतील तर कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआयवरची माहिती बंद करायची. कार्ड असूनही चित्र नसेल तर झूमसारखं दुसरं ॲप ते धरून बसलेलं असतं, किंवा विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲपना कॅमेऱ्याची परवानगी नसते. हे सगळं फुकटात सुटतं.

पैसे परत मागायला गेले तेव्हा काउंटरवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दाखवण्यात आली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वेगळं सांगतो. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. मला ‘एस्टिमेट’ची चिठ्ठी दिली होती, पक्कं बिल नव्हतं. पण कार्डाचे पैसे दुकानाच्या क्यूआरवर भरल्याची नोंद होती, खोक्याचे फोटो होते, ओबीएसच्या यादीचा स्क्रीनशॉट होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून ती नोंद त्याला दाखवली, तेव्हा कुठे पैसे आले. तुम्ही घ्याल तेव्हा लॅपटॉप बरोबर न्या, ओबीएस आधीच टाकून ठेवा आणि ती यादी काउंटरवरच उघडून बघा. दुकानदार लावू देत नसेल तर दुसरीकडे जा.

टेक्निशियनचं खातं दुकानाचं नव्हतं, त्यामुळे दुकानदाराने हात वर केले. ती तक्रार मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंदवली आहे. तुमच्याही लॅपटॉपमध्ये असा कोणी शिरला असेल तर ते स्क्रीन शेअरिंगचं ॲप काढून टाका, बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला आणि १९३० ला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली, तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते.