आधी नाव की आधी यंत्र? ट्रेडमार्क, पेटंट आणि डिझाइन शेजारी ठेवून पाहताना

डिपिंगचा, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायचा, हंगाम ऐन भरात असताना पिंपळगावचे एक बागायतदार काका नाशिकमधल्या माझ्या सातपूरच्या ऑफिसात आले. पिशवीतून प्लास्टिकचा एक कप काढून टेबलावर ठेवला. कपाच्या तोंडाला सिलिकॉनची मऊ कडा, आतल्या बाजूला वळलेली. घड जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या) द्रावणात बुडवून खाली घेतला की कडा घडाला पुसून काढते आणि जास्तीचं औषध परत कपात पडतं. "बायांच्या कोपरापर्यंत ओघळ यायचा, तो बंद झाला. आता याचं ट्रेडमार्क करून द्या मॅडम."

ट्रेडमार्क नावाचा होतो, कपाचा नाही, हे सांगितलं. मग विचारलं, "हा कुणाला दाखवलाय का?" त्यांनी अभिमानाने मोबाइल पुढे केला. द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या हंगामातला व्हिडिओ, खाली अंगठ्यांची रांग.

अंबड-सातपूरचे वर्कशॉपवाले असोत की दिंडोरीचे बागायतदार, पहिली धाव ट्रेडमार्ककडे असते. ओळखीचा शब्द, सोपा फॉर्म. पण थांबू शकणारी गोष्ट नेमकी तीच आहे. नाव तुम्ही आधीपासून वापरत असाल तर नंतर नोंदणी करणाऱ्यापुढेही कायदा तुमचा आधीचा वापर मान्य करतो. फक्त जुनी बिलं जपून ठेवलेली हवीत. पेटंट (वस्तू काम कसं करते त्याचा हक्क) आणि डिझाइन (ती दिसते कशी त्याचा) यांचं तसं नाही. अर्ज भरण्याआधी वस्तू लोकांसमोर आली की नवेपणा गेला. अमेरिकेत दाखवल्यावरही वर्षभर मिळतं, हे ऐकून बरेच जण गाफील राहतात. आपल्याकडे पेटंटला सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या वाटांनाच बारा महिने आहेत. २०२४च्या नियमांनी त्यासाठी ३१ नंबरचा वेगळा फॉर्म आणला, पण वाट रुंद केली नाही. दरवर्षी भरणारं कृषी प्रदर्शन त्यात आपोआप बसत नाही. ग्रुपवरचा व्हिडिओ तर नाहीच.

पैशाचं गणित लोकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे. व्यक्ती, स्टार्टअप किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेला लघुउद्योग ऑनलाइन भरत असेल, तर ट्रेडमार्कची सरकारी फी एका वर्गाला (मालाच्या एका गटाला) ४,५०० रुपये. प्रायव्हेट लिमिटेड आहे, स्टार्टअपही नाही आणि उद्यमही काढलेलं नाही, तर ९,०००. पेटंटचा अर्ज त्याच सवलतीत १,६०० (तीस पानं आणि दहा क्लेम, म्हणजे हक्काची कलमं, इथपर्यंत) आणि तपासणीची विनंती ४,०००. डिझाइन १,०००. म्हणजे सरकारच्या खिडकीवर पेटंट फार महाग नाही. महाग आहे ते ड्राफ्टिंग, म्हणजे अर्ज नीट लिहून घेणं. क्लेम सैल लिहिले तर शेजारचा कडा थोडी वाकडी करून तोच कप विकेल, आणि तुमच्याकडे सर्टिफिकेटची फ्रेम उरेल. इथे काटकसर करू नका.

ट्रेडमार्कची फी मात्र नाशिकमध्ये फसवते, कारण ती वर्गामागे आहे. ताजी द्राक्षं ३१व्या वर्गात, बेदाणा २९व्यात, रस ३२व्यात, वाइन ३३व्यात. एकाच वेलीचे चार वर्ग, चारदा फी. आज जे विकता तेवढंच भरा. नाव निवडताना 'नाशिक गोड द्राक्षे' असलं काही आणू नका. मालाचं वर्णन आणि गावाचं नाव यावर हरकत येतेच. शिवाय नाशिकची द्राक्षं आणि नाशिक व्हॅली वाइन या भौगोलिक मानांकनाच्या नोंदी आहेत, त्या कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लिहा, गोलातला आर नको.

मुदती पाहा. ट्रेडमार्क दहा वर्षांचा, पण दर दहा वर्षांनी ९,००० भरून कितीही काळ चालतो. पेटंट वीस वर्षं आणि संपलं. तिसऱ्या वर्षापासूनची वार्षिक फी चुकली तर त्याआधीच. डिझाइन दहा अधिक पाच. उत्तराची मुदतही सारखी नाही. ट्रेडमार्कच्या परीक्षण अहवालाला एक महिना, पेटंटच्या पहिल्या अहवालाला सहा. ट्रेडमार्कचा अहवाल ईमेलवर येतो, आणि अर्जात ईमेल सीएच्या पोराचा असतो. अशी कितीतरी नावं निव्वळ उत्तर न दिल्याने बाद झालेली मी पाहिली आहेत.

पेटंटबाबत जुना सल्ला आता चालत नाही. तपासणीची विनंती करायला ४८ महिने आहेत असं अजूनही सांगतात. १५ मार्च २०२४पासूनच्या अर्जांना ३१ महिनेच आहेत, आणि प्रोव्हिजनल (पूर्ण तपशिलाआधीचा प्राथमिक अर्ज) भरलं असेल तर त्या तारखेपासून मोजायचे. चुकलं की अर्ज मागे घेतला असं धरतात. उलट, पेटंटचा वापर किती झाला ते सांगणारा २७ नंबरचा फॉर्म पूर्वी दरवर्षी लागायचा, तो आता तीन वर्षांतून एकदा. सुनावणी व्हिडिओवर होते, त्यासाठी मुंबईची फेरी लागत नाही.

कशाचं पेटंट होतं? कपाचं होऊ शकतं. छाटणीच्या किंवा डिपिंगच्या पद्धतीचं नाही. शेती-बागायतीची पद्धत कायद्याने पेटंटबाहेर ठेवली आहे. द्राक्षाच्या नव्या वाणाचा तर कायदाच वेगळा, २००१चा.

डिझाइन मला इथे सगळ्यात कच्चं वाटतं. ते डोळ्याला दिसणाऱ्या रूपाचं असतं, कामाचं नाही. कडा तीच ठेवून कुणी कपाचा आकार बदलला की डिझाइन हात वर करतं. बाटली, पेटी, मिक्सरची बॉडी असेल तर जरूर करा, हजार रुपयांत स्वस्त आहे. ज्याचा जीव कामात आहे त्याला पेटंटच.

म्हणून माझा क्रम असा: दाखवायच्या आधी प्रोव्हिजनल, मग प्रदर्शन, ट्रेडमार्क त्याच महिन्यात सवडीने. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात, तेवढ्यात कप खपतोय की नाही ते कळतं. खपत नसेल तर तिथेच सोडा, ड्राफ्टिंगचे पैसे वाचले. फक्त नाव आणि चव विकत असाल, चिवडा असो की बेदाणा, तर पेटंटच्या नादी लागू नका.

काकांच्या कपाचं पेटंट आणि डिझाइन दोन्ही गेलं होतं. नावाचा अर्ज भरून दिला. निघताना म्हणाले, "घरी दुसरा एक आहे. पाठीवरच्या टाकीतून नळीने कप आपोआप भरतो."

"त्याचा व्हिडिओ काढला?"

"काढला ना."

"ग्रुपवर टाकला?"

"मळ्यात रेंज नव्हती."

चार पानांचं प्रोव्हिजनल त्याच संध्याकाळी भरलं.